जंतूचे वतन

२०११ सालच्या मे महिन्याच्या उत्तरार्धात उत्तर जर्मनीतील हॅम्बर्ग, ल्यूबेक आणि आसपासच्या शहरांतील इस्पितळांत एका विलक्षण विकाराच्या रुग्णांची रीघ लागली. आधी पोटात मुरडा, मग रक्तमिश्रित अतिसार, आणि आता प्रकृती सुधारत चालली असे घरच्यांना वाटू लागावे नेमक्या त्या सुमारास रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागाव्यात, मूत्रपिंडांनी आपले काम थांबवावे, आणि काहींच्या बाबतीत तर बोलता बोलता शब्द सापडेनासे व्हावेत, अंगाला झटके यावेत, असा त्याचा क्रम होता. वैद्यकाला हा विकार अपरिचित होता अशातला भाग नाही. परंतु आजवर तो मुख्यत्वे लहान मुलांचा म्हणून ओळखला जात होता, आणि येथे खाटांवर पडलेली बहुसंख्य माणसे प्रौढ होती, त्यांतही दोनतृतीयांशांच्या घरात स्त्रिया होत्या. १९ मे रोजी हॅम्बर्गमधील तीन मुलांच्या आजाराची खबर बर्लिनच्या रॉबर्ट कोख संस्थेकडे पोहोचली, आणि जुलैच्या २६ तारखेस साथ संपल्याचे जाहीर होईपर्यंत एकट्या जर्मनीच्या दफ्तरी ३,८४२ रुग्णांची नोंद झालेली होती. त्यांपैकी ८५५ जणांची मूत्रपिंडे बाधित झाली होती आणि ५३ जण दगावले होते. ज्या देशाच्या इस्पितळांचा आणि आरोग्यखात्याचा दाखला इतरांनी द्यावा, त्या देशात ही गोष्ट घडली.

गुन्हेगार कोण, या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई अशा वेळी सरकारांना फार होते. २६ मे रोजी हॅम्बर्गच्या आरोग्यखात्याने बाजारातील काकड्यांमध्ये हा जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि त्या काकड्या स्पेनमधून आलेल्या होत्या हेही त्याच दमात सांगून टाकले. चार-पाच दिवसांत सूक्ष्म तपासणीचे निकाल हाती आले तेव्हा कळून चुकले की काकड्यांवरचा जंतू त्याच कुळातला असला तरी रुग्णांच्या शरीरातला तो नव्हे. परंतु तोवर स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील शेतकऱ्यांचा माल शेतांत आणि वखारींत कुजू लागला होता, लवकरच रशियाने युरोपीय संघातील भाजीपाल्यावर सरसकट बंदी घातली, आणि युरोपीय संघाला पुढे शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईसाठी २१ कोटी युरोंची तजवीज करावी लागली. निर्दोष सुटलेल्या आरोपीची अब्रू ज्याप्रमाणे निकालपत्राबरोबर परत येत नाही, त्याप्रमाणे काकडीचीही आली नाही; कित्येक महिने जर्मन गिऱ्हाइके तिच्याकडे संशयानेच पाहत राहिली असल्यास नवल नाही.

खरा तपास लागला तो प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघरात, आणि ही हकीकत मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मनोरम वाटते. आजारी माणसाला 'तुम्ही काय खाल्ले' असे विचारले तर टोमॅटो आठवतो, काकडी आठवते, मांस आठवते. पदार्थावर शोभेसाठी भुरभुरलेली चिमूटभर वस्तू आठवत नाही. म्हणून रॉबर्ट कोख संस्थेच्या साथतज्ज्ञांनी रुग्णांच्या स्मरणशक्तीचा नाद सोडला. ज्या उपाहारगृहात अनेक मंडळींनी एकत्र जेवण घेतले होते आणि त्यांतले काही पुढे आजारी पडले होते, तेथे कोणी कोणता पदार्थ मागवला याची यादी त्यांनी तयार केली, आणि मग तेथील आचाऱ्यांना गाठून प्रत्येक पदार्थात काय काय पडते, किती पडते, कच्चे पडते की शिजवून पडते, याची बारकाईने चौकशी केली. दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहता असे आढळले की ज्यांच्या ताटात मोड आलेली कडधान्ये वाढली गेली होती, त्यांना आजार होण्याचा संभव इतरांच्या मानाने १४ पटींहून अधिक होता, आणि आजारी पडलेल्यांपैकी एकही जण त्यातून वगळता येत नव्हता. माग काढीत काढीत तपास लोअर सॅक्सनी प्रांतातील बीनेनब्यूटेल या गावाजवळच्या, मोड आणून विकणाऱ्या एका मळ्यापर्यंत आला. जूनमध्ये फ्रान्समध्ये, बोर्दोजवळच्या बेग्ल येथे, तोच आजार उद्भवला तेव्हा दोन्ही ठिकाणांना जोडणारा दुवाही मिळाला. तो दुवा म्हणजे मेथी. २००९ साली ईजिप्तमधून युरोपात आलेल्या मेथीदाण्याच्या एका मोठ्या खेपेकडे सारी कागदपत्रे बोट दाखवीत होती.

मेथीला मोड आणणे हे मराठी घरातही चालते, परंतु आपल्याकडे तिची उसळ होते आणि ती चुलीवर चढते. कडूपणा कमी व्हावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा शिरस्ता जंतूंच्या बाबतीतही उपकारक ठरत आला आहे, याची जाणीव तो पाळणाऱ्यांना बहुधा नसावी. बीजाला मोड यावा म्हणून जी ऊब आणि जो ओलावा आपण देतो, तो जिवाणूलाही तितकाच मानवतो; दाण्याच्या सुरकुतीत लपलेले थोडेसे जंतू दोन-तीन दिवसांत असंख्य होतात, आणि मग ते कच्चेच पानात येतात. ईजिप्तच्या सरकारने अर्थातच हा आरोप फेटाळला. बियाण्याच्या शिल्लक नमुन्यांत प्रत्यक्ष जंतू काही कोणास सापडला नाही, त्यामुळे खटला परिस्थितिजन्य पुराव्यावरच राहिला. काकड्या स्पेनच्या, मोड जर्मनीचे, मेथी ईजिप्तची: जंतूचे वतन शोधण्याची ही सगळी धडपड व्यापाराच्या आणि साथनियंत्रणाच्या दृष्टीने आवश्यकच होती. परंतु तो जंतू मुळात काय होता, आणि तसा तो झाला कसा, याचे उत्तर कोणत्याही जकातनाक्याच्या कागदांत मिळण्यासारखे नव्हते. आणि ते जेव्हा मिळाले तेव्हा वतनाचा प्रश्नच काहीसा निरर्थक होऊन बसला.

कारण हा जंतू म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात वास करणारा ई. कोलाय. १८८० नंतरच्या काही वर्षांत म्यूनिक येथे थिओडोर एशेरिख नावाचा एक तरुण बालरोगवैद्य तान्ह्या मुलांच्या विष्ठेतील जंतूंचा अभ्यास करीत होता. नवजात अर्भकाच्या पहिल्या शौचात जंतू जवळजवळ नसतात आणि पुढे अल्पावधीतच त्यांची वस्ती कशी होते, हे तो पाहत होता. आणि त्या वस्तीत सर्वत्र आढळणाऱ्या एका दंडाकार जिवाणूला त्याने १८८५ साली 'बृहदंत्रातील सर्वसाधारण जिवाणू' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. एशेरिख १९११ साली व्हिएन्नात मरण पावला. पुढे १९१९ साली त्या जिवाणूच्या वंशाला त्याचे नाव देण्यात आले, आणि शंभर वर्षांत ते इतके रूढ झाले की आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते एखाद्या विषाचे नाव वाटते. वस्तुतः हा प्राणी गरीब आहे. आतड्यातील जंतूंच्या अफाट लोकसंख्येत त्याचा हिस्सा शेकड्यात एकाहूनही कमी भरतो. मूल जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच तो येऊन राहतो, आतड्यातील उरलासुरला प्राणवायू वापरून टाकून ज्यांना प्राणवायू सोसत नाही अशा इतर जंतूंसाठी जागा तयार करतो, के जीवनसत्त्वाचा एक प्रकार निर्माण करतो, आणि परक्या रोगजंतूंना सहसा पाय रोवू देत नाही. विसाव्या शतकातील जीवशास्त्राने तर या जंतूला आपला मुख्य सेवक करून घेतले. १९२२ साली कॅलिफोर्नियात घटसर्पातून उठलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळालेला त्याचा के-१२ नावाचा वाण जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, आणि मधुमेही माणसासाठी इन्शुलिन बनविण्याची कामगिरीही पुढे याच जातीच्या गळ्यात पडली.

असा जो सालस रहिवासी, तो कधी घातक होतो, याचे जे उत्तर शाळेत शिकविले जाते ते बरोबर असले तरी अपुरे आहे. जनुकांची नक्कल होताना चुका होतात. त्यांतली एखादी चूक योगायोगाने उपयोगी पडते. आणि अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी द्विगुणित होणाऱ्या प्राण्याच्या वंशात अशा चुका फार लवकर साठतात. अमेरिकेतील रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ सालच्या फेब्रुवारीत ई. कोलायच्या एकाच वाणापासून बारा कुप्या भरल्या आणि त्या रोज नव्या द्रावणात घालीत राहण्याचा जो उद्योग मांडला, तो या प्रक्रियेचा डोळ्यांपुढे ठेवलेला दाखला आहे. त्या बारांपैकी एकाच कुपीतील जिवाणूंना सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर, प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेटवर गुजराण करण्याची विद्या साधली. बाकीच्या अकरांना इतक्या काळात ती साधली नाही. ही उत्क्रांतीची मंद, कष्टाची वाट आहे, आणि प्रतिजैविकांच्या विरोधात ती वाट जिवाणूने अवश्य वापरली आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे औषध ज्या विकरावर घाव घालते त्या विकराच्या रेणूत एक-दोन घटक बदलले की औषधाची पकड सुटते, आणि एवढा बदल नकलेतील चुकीने होऊ शकतो. परंतु जर्मनीतील तो जंतू या वाटेने घडलेला नव्हता.

त्याची वाट समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानात जावे लागते. युद्धोत्तर दैन्याच्या काळात तेथे आमांशाची साथ हटता हटत नव्हती, आणि तिच्यावर वापरलेली सल्फा औषधे थोड्याच वर्षांत निष्प्रभ झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी औषधे आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात असा आमांशाचा जंतू सापडला की ज्याच्यावर ही तिन्ही औषधे आणि सल्फा, एकंदर चारही, चालत नव्हती. चार औषधांना निरनिराळ्या चार चुकांनी एकाच वेळी तोंड द्यावे हे गणिताच्या दृष्टीने अशक्यप्राय होते. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही, की एकाच रुग्णाच्या विष्ठेत चारही औषधांना दाद देणारा आणि एकालाही दाद न देणारा, असे आमांशाचे दोन्ही प्रकारचे जंतू शेजारी शेजारी सापडत, आणि त्याच विष्ठेतील गरीब ई. कोलायही चारही औषधांना पुरून उरत. जपानी संशोधक अकिबा यांना संशय आला की आमांशाच्या जंतूने ही प्रतिकारशक्ती स्वतः कमावलेली नसून शेजाऱ्याकडून घेतली असावी. १९५९ साली अकिबा आणि ओचिआई यांच्या गटांनी ते सिद्ध केले. दोन जिवाणू एकमेकांना बिलगले की एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याकडे जाते, आणि जाताना चार औषधांची शिदोरी एकदमच जाते. जिवाणू परस्परांना बिलगून जनुके देतात हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी के-१२ या वाणात १९४६ सालीच दाखविले होते. परंतु ती गोष्ट प्रयोगशाळेतील कौतुकाची समजली गेली होती, आणि ती माणसाच्या पोटात औषधाच्या धाकाखाली घडत असेल अशी कल्पना पाश्चात्त्य वैद्यांनी फारशी केलेली नव्हती. जपानी संशोधकांचे लेख जपानी भाषेत होते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा कोठे बाकीच्या जगाला या गोष्टीची खबर लागली.

येथे पुष्कळशा चुकीच्या समजुतींचे मूळ आहे असे मला वाटते. वंश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वृक्ष उभा राहतो: बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. माणसांच्या वतनदारीचा सारा कारभार याच कल्पनेवर चालला, आणि 'मूळ पुरुष कोण' हा प्रश्न तेथे निर्णायक असे. जिवाणूच्या जगात मूळ पुरुष असतो, पण मालमत्तेचा मोठा हिस्सा त्याच्याकडून आलेला नसतो. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज जनुकांची जी छोटी, स्वतंत्र वर्तुळे त्याच्या शरीरात असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. ती जातीजातींच्या सीमा ओलांडून फिरतात. त्यांच्याखेरीज जिवाणूंवर जगणारे विषाणू आहेत. ते एका यजमानाच्या शरीरातील जनुके उचलून दुसऱ्याच्या शरीरात नेऊन ठेवतात, आणि कधी कधी स्वतःच तेथे झोपून राहतात. के-१२ वाणाच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकलेख १९९७ साली वाचून झाला. पुढे अमेरिकेत अर्धवट शिजवलेल्या मांसातून साथी पसरविणाऱ्या ओ१५७ या वाणाचा, आणि मूत्रमार्गाला जडणाऱ्या आणखी एका वाणाचा लेख वाचून तिन्ही २००२ साली एकमेकांशी ताडले गेले, तेव्हा या तिघांकडच्या प्रथिनांची एकत्र यादी करता तिच्यातील जेमतेम ३९ टक्केच तिघांनाही समान निघाली. एका जातीचे म्हणून ज्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, त्यांच्यात एवढा फरक असतो. ई. कोलाय हे एका प्राण्याचे नाव समजण्यापेक्षा एका सामायिक तिजोरीतून आपापल्या गरजेप्रमाणे उचल करणाऱ्या टोळीचे नाव समजावे, हे अधिक खरे.

आता हॅम्बर्गच्या त्या जंतूकडे परत यावयास हरकत नाही. रुग्णांकडून मिळालेल्या जंतूचा जनुकलेख हॅम्बर्गच्या विद्यापीठीय इस्पितळाच्या सहकार्याने चीनमधील शेन्झेनच्या प्रयोगशाळेने जूनच्या आरंभी काही दिवसांतच वाचून जगापुढे खुला ठेवला, आणि अनेक देशांतील शास्त्रज्ञ एकाच वेळी त्यावर तुटून पडले. ओ१०४:एच४ या क्रमांकाच्या त्या वाणाचा पाया, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील एका रुग्णाकडून पूर्वी मिळालेल्या एका वाणाशी फार जुळणारा निघाला. हा वाण आतड्याच्या अस्तराला, रचलेल्या विटांप्रमाणे एकमेकांवर थर देऊन, चिवटपणे चिकटून बसणाऱ्यांपैकी होता. गरीब देशांतील मुलांच्या रेंगाळणाऱ्या अतिसाराचे कारण म्हणून या टोळीची ओळख होती, आणि तिचे वास्तव्य गुराढोरांत नसून माणसांतच असावे असे मानले जाते. चिकटून बसण्याची ही विद्या एका प्लास्मिडावर होती. यात भर पडली एका विषाणूने आणून ठेवलेल्या विषाची, आणि हे विष म्हणजे कियोशी शिगा या जपानी वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखलेल्या आमांशजंतूच्या विषाचे सख्खे भावंड. शिगा विष निर्माण करणारे ई. कोलाय पूर्वीपासून ठाऊक होते, पण ते आतड्याला इतके घट्ट चिकटत नसत. घट्ट चिकटणारे ठाऊक होते, पण त्यांच्याजवळ बहुधा हे विष नसे. दोन्ही विद्या एकाच्या हाती पडल्या, आणि त्यामुळेच तो इतका भयंकर झाला.

याशिवाय त्याच्याजवळ आणखी एक प्लास्मिड होते, आणि त्यावर सीटीएक्स-एम-१५ नावाचे एक जनुक. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचा मध्यवर्ती चौकोनी घटक कापून टाकणारी विकरे जिवाणूंजवळ फार पूर्वीपासून आहेत. किंबहुना पेनिसिलिन औषध म्हणून बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना याच आतड्यातील जंतूत असे एक विकर सापडले होते. पुढे त्या विकरांना चकविण्यासाठी सेफोटॅक्सिमसारखी नवी औषधे बनली. त्यांना कापणारे सीटीएक्स-एम हे जनुक मूळचे क्लुयव्हेरा नावाच्या, माणसाला सहसा न सतावणाऱ्या एका सामान्य जिवाणूच्या गुणसूत्रात शांतपणे पडून होते. जनुकांची उचलबांगडी करणाऱ्या एका लहानशा तुकड्याने ते तेथून काढून प्लास्मिडावर आणून टाकले, आणि मग त्याला पाय फुटले. त्यातलाच सीटीएक्स-एम-१५ हा भेद १९९९ साली नवी दिल्लीत गोळा केलेल्या जिवाणूंत प्रथम ओळखला गेला. पुढील दहा वर्षांत तो जगभर पसरला. एसटी१३१ नावाच्या ज्या वाणाने आज असंख्य स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या साध्या आजाराला चिवट करून ठेवले आहे, त्याच्या यशाचे एक मोठे कारण हेच जनुक. दिल्लीतून हॅम्बर्गला ते सरळ गेले असे मात्र कोणीही म्हणू नये. ते कोणत्या मार्गाने, कितीजणांच्या पोटांतून फिरत तेथे पोहोचले, याची कोठेही नोंद असणे शक्य नाही.

जर्मन रुग्णांना त्या औषधप्रतिकाराचा प्रत्यक्ष तोटा फारसा झाला नाही, आणि यातील विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे. शिगा विषाचे जनुक ज्या विषाणूत असते तो जिवाणूच्या पोटात निद्रिस्त असतो. काही प्रतिजैविकांनी जिवाणूच्या गुणसूत्राला इजा झाली की जिवाणूत धोक्याची घंटा वाजते, त्या घंटेने विषाणू जागा होतो, झपाट्याने वाढतो, यजमानाला फोडून बाहेर पडतो, आणि त्याबरोबर विषाचा लोंढा सुटतो. म्हणून साथीच्या आरंभी जर्मन वैद्यांनी अशा रुग्णांना प्रतिजैविके देण्याचे सहसा टाळले; पुढे ल्यूबेकच्या डॉक्टरांना अॅझिथ्रोमायसिनने जंतू लवकर नाहीसा होतो असा अनुभव आला, कारण ते औषध ही घंटा वाजवीत नाही. मग सेफोटॅक्सिमला पुरून उरणारे ते जनुक त्या जंतूने बाळगले कशासाठी? माझ्या मते त्यातून त्याच्या पूर्वायुष्याचा दाखला मिळतो: साथ पसरण्यापूर्वी तो कोठेतरी अशा माणसांच्या आतड्यांत राहिला असावा की ज्यांच्या शरीरात ही औषधे वारंवार येत होती, आणि तेथे हे प्लास्मिड बाळगणाऱ्यांचीच सरशी झाली असावी.

वतनाच्या वादाचा आपल्या वाट्याचा अंक याच सुमारास रंगला. २००८ साली, दिल्लीतील इस्पितळात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या मूत्रात क्लेबसिएला नावाचा असा जंतू मिळाला की ज्याच्यापुढे कार्बापेनेम ही अखेरची राखीव औषधेही निष्प्रभ होती. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही तेच जनुक आढळले. म्हणजे देवघेव तेथेही झालेली होती. संशोधकांनी त्या विकराला नवी दिल्लीचे नाव दिले, एनडीएम-१. २०१० साली भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन येथील अशा जंतूंविषयीचा निबंध 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. देशाची बदनामी, परदेशी रुग्ण येऊ नयेत म्हणून रचलेला कट, इत्यादी आरोप झाले. संसदेतही आवाज उठला. नाव गावावरून देण्याची या क्षेत्रात रूढीच होती, आणि अशाच एका विकराला आधी इटलीतील व्हेरोनाचे नाव मिळाले होते, हे कोणी फारसे लक्षात घेतले नाही. त्याहून विशेष हे, की परदेशी निबंधाच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या अवधीत मिळालेल्या, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जणांत हे जनुक असल्याचे आपल्याच देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रांजळपणे छापले होते. तेव्हा कोणाचाच स्वाभिमान दुखावला नाही, कारण ते कोणी वाचलेच नव्हते.

२०११ साली दिल्लीतील रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले गेले, तेव्हा पहिल्या प्रकारातील ५१ आणि दुसऱ्यातील दोन नमुन्यांत हे जनुक सापडले. त्या अभ्यासातील एक तपशील मला वृत्तपत्री गदारोळापेक्षा फार अधिक चिंताजनक वाटतो: ही जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सर्वांत सुलभतेने जातात ती ३० अंश सेल्सिअस उष्णतामानात, म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने दिल्लीत, मुंबईत, नागपुरात जे तपमान असते त्या तपमानात. या देवघेवीला रुग्णाच्या शरीराची गरज नाही. उघडे गटार पुरेसे आहे. आणि गटारात नुसती विष्ठाच येते असे नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील औषधनिर्मितीच्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात स्वीडनच्या योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. ती औषधे ज्या देशांत विकली जातात त्यांनी आपली नावे या पाण्यावर लिहून घ्यावयास हरकत नसावी. परंतु त्याची मागणी अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

सरकारी फर्माने निघाली नाहीत असे नाही. २०१४ सालच्या मार्चपासून अनेक प्रतिजैविके 'एच-१' या अनुसूचीत घालून ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी असे ठरले. पुढे औषधाच्या पाकिटावरील तांबड्या रेघेचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याची मोहीम निघाली. २०१५ च्या अखेरीस चीनमधून बातमी आली की कोलिस्टिन या जुन्या, मूत्रपिंडांना त्रासदायक म्हणून मागे टाकलेल्या परंतु आता अखेरचा आधार ठरलेल्या औषधालाही निकामी करणारे एक जनुक प्लास्मिडावर सापडले आहे. प्रथम ते आढळले ते डुकरांच्या शरीरातील ई. कोलायमध्ये, कारण डुकरांचे वजन लवकर वाढावे म्हणून त्यांना हे औषध खाद्यातून चारले जात होते. आपल्याकडेही कोंबड्यांना ते चारले जाई. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. फर्मान आणि अंमल यांत आपल्याकडे किती अंतर असते ते वाचकाला सांगावयास नको. तालुक्याच्या गावातील कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर अर्धा तास उभे राहिले, म्हणजे तांबडी रेघ असलेल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय कशा मिळतात हे दिसून येते. तथापि त्या दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणे हेही मला काकडीच्या खटल्यासारखेच वाटते. ज्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडाली तर घरात चूल पेटत नाही, त्याला डॉक्टरची फी आणि रांग दोन्ही परवडत नाहीत. आणि ज्याच्या गावात पिण्याचे पाणी आणि सांडपाणी शेजारून वाहते, त्याच्या घरी ती गोळी लागण्याचा प्रसंग वारंवार येतो. २०१९ साली जगात औषधप्रतिकारामुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंची संख्या पुढे १२ लाख ७० हजार इतकी अंदाजिली गेली, आणि त्या मृत्यूंस कारणीभूत झालेल्या जंतूंत पहिला क्रमांक एशेरिखच्या त्या गरीब रहिवाशाचा लागला.

औषधप्रतिकाराचे जनुक हाती असलेला प्रत्येक जंतू रोग करतोच असे मात्र नाही, आणि भीतीच्या भरात ही गोष्ट विसरली जाते. नेदरलँड्समधून परदेशप्रवासाला जाणाऱ्या सुमारे २,००० निरोगी माणसांच्या विष्ठेची तपासणी तेथील संशोधकांनी प्रवासापूर्वी आणि परतल्यावर केली. निघताना ज्यांच्या पोटात असे प्रतिकारक्षम जंतू नव्हते, त्यांपैकी एकतृतीयांशांहून थोडे अधिक लोक ते घेऊन परतले. आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या मुलखात, फिरून आलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होते. यांतल्या बहुतेकांना काहीही झाले नाही. त्यांनी ताजमहाल पाहिला, जेवणे झोडली, आणि दिल्लीच्या, आग्र्याच्या, मुंबईच्या पाण्यातील जनुके आतड्यात घेऊन ते विमानात बसले. कोणत्याही सीमेवर त्यांच्याकडे यासंबंधी दाखला मागण्यात आला नाही. पुढच्या तपासण्यांत असे आढळले की निम्म्या लोकांच्या पोटातून हे पाहुणे महिनाभरातच, कोणत्याही औषधावाचून, जुन्या रहिवाशांनी हुसकावून लावले होते. मात्र शंभरांतल्या अकरांच्या पोटात ते वर्षानंतरही नांदत होते, आणि त्यांतले काही जण ते आपल्या घरच्या माणसांनाही देत होते.